तक्त्यावरच्या माणसाची फुल पॅन्ट

तक्त्यावरच्या माणसाला अर्धी चड्डी शिवायची की फुल पॅन्ट, या प्रश्नावर आमच्या इमारतीत बैठक झाली, आणि त्या बैठकीचा अध्यक्ष मी होतो. हे वाक्य लिहितानाही माझे कान गरम झाले आहेत. पण लिहायला बसलोच आहे तर सरळ लिहितो. उभ्या आयुष्यात मी मुलांना एकच गोष्ट मनापासून शिकवली: उत्तर चुकलं तरी चालेल, पण पायऱ्या दाखवा. तेव्हा या माझ्या पायऱ्या.

पहिली पायरी म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. निवृत्त मास्तराला शाळेतून फोन आला की त्याचं काय होतं, ते निवृत्त मास्तरालाच कळतं. मी उभा राहून बोललो.

"सर, सातवीचा एक तास घ्याल का? विज्ञानाचा."

"एक कशाला, रोज घेतो! कुठला धडा?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "शेवटचा."

"म्हणजे 'वाढते वय'?"

"तुम्हीच नाव घेतलंत, बरं झालं," असं म्हणून त्यांनी सोडलेला सुस्कारा मला तारेतून जाणवला.

वरून आदेश आला होता. हा धडा यंदा शिकवलाच पाहिजे, सचित्र शिकवला पाहिजे आणि पालकांच्या उपस्थितीत शिकवला पाहिजे. आदेश येताच विज्ञानाच्या सरांचा घसा बसला. खेळाचे सर म्हणाले, माझा विषय मैदानावर सुरू होतो आणि मैदानावरच संपतो. चित्रकलेच्या बाईंनी आपण फक्त निसर्गचित्रं काढतो, असं लेखी दिलं.

"शेवटी सगळ्यांचं एकमत झालं," बाई म्हणाल्या, "की या विषयाला वयस्कर माणूस बरा. सर, तुमच्याकडे बघून कुणाच्या मनात काहीसुद्धा येणार नाही."

ही स्तुती आहे असं समजून मी आभार मानले. दुसऱ्या दिवशी दाढी करताना आरशात बघितलं तेव्हा ती जरा टोचली.

घरी सांगितलं तेव्हा ही भाजी चिरत होती. सुरी हातात तशीच ठेवून तिने माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही? अहो, लग्न झाल्यापासून माझं काही दुखलं-खुपलं तर 'बरं नाही का?' याच्या पुढे तुमचा प्रश्न कधी गेला नाही. आणि तुम्ही वर्गाला सांगणार?"

"घर वेगळं, वर्ग वेगळा. वर्गात विषय असतो."

"आणि घरात काय असतं?"

मी वर्तमानपत्र उघडून वाचू लागलो. 

त्याच संध्याकाळी नात माझ्याजवळ आली. ती त्याच सातवीत आहे. घरात तिला आम्ही वकीलसाहेब म्हणतो, कारण समोरच्याने कबूल करेपर्यंत ती प्रश्न सोडत नाही. मी तिच्या कंपासचा ढिला झालेला स्क्रू आवळत होतो.

"आजोबा, मोठं होताना शरीरात नक्की काय काय होतं? आणि ते दुखतं का?"

स्क्रू हातातून निसटून सतरंजीत गेला. इथे एक सांगायला हवं. माझा मोठेपणा, असलाच तर, एवढाच होता की मुलाचा प्रश्न मी कधी परत पाठवला नाही. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, मुंगीला पडल्यावर लागत का नाही, अशा प्रश्नांसाठी मी जेवणाचं ताट बाजूला सारलेलं आहे. आता मी सतरंजीत स्क्रू शोधू लागलो.

"हाच धडा मी शनिवारी तुमच्या वर्गात घेणार आहे. तिथेच सांगतो. नीट, चित्रासकट."

"आत्ता थोडंसं सांगा ना."

"अर्धवट माहिती वाईट असते."

"थोडंसं म्हणजे अर्धवट नाही," वकीलसाहेब म्हणाल्या. "आईला विचारलं, तर ती म्हणाली आजोबांना विचार, ते शिकवतात. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले आईला विचार."

"शनिवारी," मी सतरंजीखालून म्हणालो.

"शनिवारी नक्की?"

"नक्की."

स्क्रू माझ्या मुठीतच होता.

आता तक्ता. शाळेच्या कपाटात ज्वालामुखीचा तक्ता होता, गांडुळाचा होता, वाफेच्या इंजिनाचा होता. मानवी शरीराचाही होता. पण कुणीतरी फार पूर्वी त्याचा मधला भाग कात्रीने व्यवस्थित चौकोनात कापून काढलेला होता. त्या चौकोनातून मला कपाटाची पाठ दिसली. त्यामुळे नवे दोन तक्ते आणायला मी स्वतः बाजारात गेलो, एक मुलाचा आणि एक मुलीचा. दुकानदाराने ते वर्तमानपत्रात गुंडाळले, त्यावर खाकी कागद, त्यावर काळी पिशवी. तक्ते बेकायदा नाहीत, असं मी त्याला सांगितलं. "माहितीये सर," तो म्हणाला, "तरीपण मागच्या दाराने जा."

बसमध्ये गुंडाळी मी बाळासारखी छातीशी धरली होती. आमच्या जिन्यात मात्र पिशवीचा बंद तुटला, रबर उडालं, आणि मुलाचा तक्ता पायऱ्या उतरत, एकेक अवयव उलगडत, खाली निघाला. खालून आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी सहकुटुंब वर येत होते.

हे शेजारी म्हणजे नळ, पाइप आणि न्हाणीघरातल्या सामानाचे व्यापारी आणि पालक संघाचे चिटणीस. त्यांचा मुलगा नातीच्याच वर्गात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर आमच्या जेवणाच्या टेबलावर येते, आणि आमचा रेडिओ जरा मोठा झाला की ती खाडकन बंद होते. निषेधाचा ठराव मांडायची त्यांची तीच पद्धत आहे.

"आई, डोळे मिटा!" चिटणीस ओरडले.

त्यांच्या आई कठडा धरून उभ्या राहिल्या, वाकून तक्ता नीट पाहिला आणि म्हणाल्या, "मिटते. पण तुला मी काय दुकानातून आणलाय, असं वाटतं की काय?"

त्याच दिवशी चिटणिसांच्या दिवाणखान्यात बैठक बसली. मी वयाने मोठा, म्हणून मला अध्यक्ष केलं. आरोपीलाच अध्यक्ष करण्यात सोय अशी, की त्याला बोलता येत नाही.

"मास्तर, आमचा विरोध शिक्षणाला नाही," चिटणीस म्हणाले. "विरोध चित्राला आहे. शिवाय शब्दांना. शिवाय वेळेला."

"मग राहिलं काय?"

"भावना! भावनेला आमचा पूर्ण पाठिंबा आहे."

"चित्रात नुसत्या नळ्या आणि पिशव्या दाखवल्यात हो."

"तेच म्हणतोय मी. नळ्या उघड्या दाखवल्यात."

त्यांच्या मागे भिंतीवर फ्लशच्या टाकीचा आडवा छेद रंगीत चौकटीत टांगलेला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. "त्या पाण्याच्या," चिटणीस गंभीरपणे म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्यापुढे आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही.

"आणि आदरणीयांना काय वाटेल?"

आदरणीय म्हणजे आमच्या प्रार्थनागृहाचे प्रमुख. शाळाही प्रार्थनागृहाचीच. त्यांना नावाने हाक मारायची पद्धत नाही. लहान मुलंसुद्धा त्यांना आदरणीयच म्हणतात. हा प्रश्न येताच सगळ्यांनी माना डोलावल्या. आदरणीयांना जाऊन विचारावं, असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. त्यांना काय वाटेल, हे आमच्याकडे प्रत्येकाला आधीपासून माहीत असतं.

तोडगा तळमजल्यावरच्या शिंप्याने काढला. "एवढं काय त्यात? मी कपडे शिवतो त्यांना."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. अध्यक्ष होतो.

शिंपी कामाचा पक्का निघाला. दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन घरी आला, तक्ता भिंतीला लावला आणि वही न उघडता मापं घेऊ लागला. "मास्तर, या गृहस्थाचे खांदे उतरते आहेत. पॅडिंग घालू?" मग अर्ध्या चड्डीचा प्रश्न निघाला. चिटणीस म्हणाले, चड्डी घातली तर पाय दिसतील आणि मुलं पायांवरून अंदाज बांधतील. म्हणून फुल पॅन्ट. मुलीच्या चित्राला गळ्यापासून घोट्यापर्यंत झगा. कापड कागदाला चिकटवलं तर कुणी सोलून बघेल, म्हणून शिंप्याने कडेने दुहेरी टीप मारली. पॅन्टला खिसेही काढले. "त्याशिवाय फिनिशिंग येत नाही."

एवढ्यात शनिवार येऊन गेला.

"पुढच्या शनिवारी," मी नातीला म्हणालो. "कपडे शिवून व्हायचेत."

"कुणाचे?"

"तक्त्याचे."

तिने वही मिटली. "का?"

"शनिवारी सांगतो."

पुढच्या शनिवारच्या आधी भिंतीचा प्रश्न आला. मुलाचा आणि मुलीचा तक्ता एकाच भिंतीवर शेजारी शेजारी टांगणं बरं दिसणार नाही. समोरासमोर टांगावेत, तर ते दिवसभर एकमेकांकडे बघत राहतील. पाठीला पाठ लावून टांगा, असं मी म्हणालो. त्यावर चिटणिसांनी असं पाहिलं, की मी काय बोललो ते मलाच समजेना. अखेर मुलगा फळ्यावर आणि मुलगी दाराशी, मध्ये सरकता पडदा, असा ठराव झाला. पडद्याची दोरी चिटणिसांनी दुकानातून दिली, भेट म्हणून.

मग शब्द. मी धड्याची टाचणं काढून बैठकीने नेमलेल्या समितीपुढे ठेवली आणि समितीने एकेक शब्द लाल केला. त्या जागी काय घालायचं, यावर बरीच चर्चा झाली. 'तो भाग' सुचवलं गेलं, पण त्यात बोट दाखवल्यासारखं होतं. शेवटी 'वगैरे' या शब्दावर एकमत झालं. मंजूर झालेला धडा असा होता: 'वय वाढू लागले की मुलांमध्ये वगैरे बदल होतात. मुलींमध्येही दर महिन्याला वगैरे होते. ते नैसर्गिक असून त्यासाठी स्वच्छता राखावी.'

"आता कसा घरंदाज झाला धडा," चिटणीस म्हणाले.

मला तो वाचून लाज वाटली. पण मला कशाची लाज वाटायला हवी होती आणि कशाची वाटत होती, याचा त्या दिवसांत माझा फार गोंधळ झाला होता.

नातीने आता 'नक्की?' असं विचारणं सोडलं होतं. जेवताना ती पानात रेघा ओढत बसे. ही मला म्हणाली, "पोरगी गप्प गप्प आहे. काहीतरी विचारायचंय तिला. माझ्याकडे येते आणि परत जाते."

"शनिवारी होईल सगळं."

"तुमचा शनिवार," ही म्हणाली, आणि ताटं उचलू लागली.

अखेर तो शनिवार आला. उकाडा असा, की खडूही घामेजला होता. मागच्या बाकांवर पालक, कडेला मुख्याध्यापिकाबाई, आणि हातांच्या खुर्चीत साक्षात आदरणीय. त्यांना पाहून मी टाचणं पुन्हा एकदा चाळली. पुढच्या बाकावर नात बसली होती. एवढ्या उकाड्यात तिने स्वेटर कमरेला गच्च बांधला होता.

"स्वेटर सोडून घडी करून ठेव," मी म्हणालो. वर्गात नातं नसतं, हे पालकांना दिसावं म्हणून जरा कडकच म्हणालो. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि बाह्यांची गाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. बेशिस्त वाटली मला. मनात म्हटलं, घरी गेल्यावर बोलू.

पडदा ओढला. दोरी अडकली. पुन्हा ओढल्यावर पडदा अर्धा सरकला, आणि फुल पॅन्ट घातलेला, अर्धी छाती आणि अर्धं हृदय दिसणारा तो गृहस्थ खिशांसकट वर्गाला सामोरा गेला. एकही मूल हसलं नाही. मला हसण्याची भीती होती. त्यांचे चेहरे पाहून वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं. ज्याला एवढं शिवून, झाकून, पडद्यामागे ठेवलंय, ते किती भयंकर असेल, याचा हिशेब प्रत्येक बाकावर चालला होता.

मी धडा म्हटला. वगैरे बदल होतात. वगैरे होते. स्वच्छता राखावी. नखांवर मात्र मी मनसोक्त बोललो. नखं कुणी लाल केली नव्हती.

"काही शंका?" सवयीने तोंडातून गेलं.

नात उभी राहिली. एक हात गाठीवर तसाच होता.

"सर, वगैरे म्हणजे काय?"

तिने गाठ आणखी आवळून धरली.

"आणि ते होतं तेव्हा दुखतं का? आणि ते थांबतं का?"

शेवटच्या प्रश्नाला तिचा आवाज कापला. मी ऐकला. चांगला ऐकला. मी मागे पाहिलं. चिटणीस छताकडे पाहत होते. मुख्याध्यापिकाबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मग मी आदरणीयांकडे पाहिलं, कारण तिथूनच सगळं अडणार, हे मला आधीपासून माहीत होतं.

आदरणीय खुर्चीत पुढे झुकले होते. हळू आवाजात म्हणाले, "मुलीने विचारलंय, मास्तर. सांगा ना."

आता वाटेत कुणीही उभं नव्हतं. समिती नव्हती, शिंपी नव्हता, आदेश माझ्याच बाजूने होता. आणि मी, मुलाचा प्रश्न कधी परत न पाठवणारा मास्तर, काय म्हणालो?

"घरी सांगतो."

ती खाली बसली. घरी मी तिला वर्गात सांगतो म्हणालो होतो आणि वर्गात घरी सांगतो म्हणालो. आणखी तिसरी जागा तिच्याकडे नव्हती.

तास संपल्यावर चिटणिसांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मास्तर, सुंदर! कुणाला काहीही कळलं नाही!"

आदरणीय तक्त्यापाशी उभे राहून पॅन्टचा खिसा चाचपत होते. "हे कपडे कुणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्या," माझ्या तोंडून गेलं.

"मला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. मग खिशातून बोट काढून जरा ओशाळून म्हणाले, "माझ्याही नाती विचारतात हो. मी त्यांना सांगतो, शाळेत मास्तर सांगतील."

मी तक्ते काखेत मारून घरी आलो तेव्हा ही न्हाणीघराच्या बंद दारापाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन उभी होती.

"सकाळपासूनचं आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "शाळेत निघायच्या आधीपासूनचं. तिला वाटलं आत काहीतरी फाटलं. शेजारच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं, हे सगळं रक्त संपेपर्यंत थांबत नाही. तशीच बसून राहिली तुमच्या तासाला, तुम्ही सांगाल म्हणून."

मला तो स्वेटर दिसला. त्याची गाठ दिसली. 'घडी करून ठेव' हे माझे शब्द ऐकू आले. मी तक्ते भिंतीला टेकवून ठेवले.

"मग तू सांगितलंस ना?"

"काय करायचं ते सांगितलं, दिलं सगळं. पण ती 'का' विचारतेय. का होतं, कशाने होतं. ते मला माझ्या आईने सांगितलं नव्हतं, तिला तिच्या आईने नाही. आणि इतकी वर्षं मी विज्ञानाच्या मास्तरांची बायको म्हणवून घेतेय."

नात बाहेर आली, टेबलापाशी बसली. चेहरा धुतलेला होता. मी समोर बसलो.

"विचार," मी म्हणालो.

"नको, आजोबा."

"का गं?"

"तुम्हाला लाज वाटते." तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, एखाद्याचा गुडघा दुखतो, त्याला जिना चढायला लावू नये, अशा मायेने सांगितलं. "राहू दे. मोठी झाले की कळेल मला आपोआप."

मला कुणी छड्या मारल्या असत्या तरी चाललं असतं.

मी मुलीचा तक्ता टेबलावर पसरला. हिने न बोलता शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री आणून दिली. शिंप्याची दुहेरी टीप काही केल्या उसवेना. शेवटी नातीने कात्री घेतली आणि एकेक टाका उसवू लागली. झगा पोटापर्यंत मोकळा झाला. मी त्या जागी बोट ठेवलं आणि शब्द उच्चारला. तो चोरी कबूल केल्यासारखा बाहेर पडला.

"ऐकू नाही आलं," वकीलसाहेब म्हणाल्या.

"गर्भाशय," मी मोठ्याने म्हणालो. इमारत पडली नाही. "ही एक पिशवी. तुझ्या मुठीएवढी असेल. दर महिन्याला ती आतून मऊ अस्तर तयार करते, कधीकाळी बाळ आलं तर त्याच्यासाठी. बाळ नसेल तर ते अस्तर नको असतं, म्हणून सोडून देते. तेच रक्त. काही फाटत नाही. ती पुन्हा नवं तयार करायला लागते."

"दुखतं?"

"दुखतं. कुणाला थोडं, कुणाला जास्त. फार दुखलं तर सांगायचं, डॉक्टरकडे जायचं. सोसत बसायचं नाही."

"आणि थांबतं?"

"थांबतं. काही दिवसांत आपलं आपण थांबतं. तू आजारी नाहीस. मी तुला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

तिने इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचं सुटं कापड हललं. मग हिने खुर्ची ओढली आणि ती बसली. "पुढे जाऊन ते कायमचं थांबतं, ते कशाने?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती ऐकत राहिली, मग स्वतःशीच हसली. "आणि मी काय काय समजत होते," म्हणाली. काय समजत होती ते मी विचारलं. या वेळी 'बरं नाही का' याच्या पुढे गेलो. तिने सांगितलं.

"आणि हा?" नातीने दुसरा तक्ता उलगडला. फुल पॅन्टवाले गृहस्थ इस्त्रीसकट हजर होते.

"त्याचंही सांगतो. काढ पॅन्ट."

माझा आवाज आता शेवटच्या बाकापर्यंत जाणारा झाला होता. वरची खिडकी खाडकन बंद झाली. आम्ही तिघं थांबलो. नात कात्री हातात धरून वर बघत राहिली. मी पुढचा शब्द घेतला, त्याच्या पुढचाही घेतला. थोड्या वेळाने वरून बिजागरी कुरकुरली, अगदी सावकाश, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. मग खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. आतून चिटणीस कुणाला तरी "इकडे ये" म्हणत होते.

मी माझी खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि आवाज आणखी जरा चढवला.